भोपळा, बांबू आणि एक तार

तंतुवाद्य बनवायचे म्हटले की ऐकणारा लगेच दोन प्रश्न विचारतो : लाकूड कोठून आणणार, आणि हत्यारांना पैसे कोण देणार? प्रश्न रास्त आहेत. वाद्य म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे सतार किंवा तंबोरा उभा राहतो, आणि ती तर मिरजेच्या घराण्यांची पिढीजात विद्या! परंतु त्या मिरजेच्याच इतिहासातील एक गोष्ट आपण विसरतो. तेथील सतारमेकर मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारी. शस्त्रांचे काम उतरणीला लागले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून वाद्यांचे काम सुरू झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ज्यांनी आरंभ केला त्यांचे हात दुसऱ्याच धंद्यात तयार झालेले होते.

तेव्हा नवशिक्याने सतारीकडे पाहू नये; एकतारीकडे पाहावे. याला हिशेबी कारण आहे. पाऊण मीटर लांबीची, ०.३ मिलिमीटर जाडीची पोलादी तार पुरुषी आवाजाच्या काळी एकला मिळवली, तर तिचा ओढा साधारण अडीच किलोंचा असतो. तेवढा एक साधा बांबू सहज पेलतो. सतारीवर मुख्य तारा आणि तरफा मिळून अठरा-वीस तारा ओढ देत असतात. तिथे दांडी जरा वाकली की सगळे वाद्यच फुकट. पैसा खरा लागतो तो या ओढ्याला टिकणाऱ्या लाकडाला आणि कसबाला.

आता भोपळा. मिरजेचे कारागीर मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेकाठच्या रानांतून आणतात. एकतारीला एवढा मोठा लागत नाही. कडू भोपळ्याचा वेल परसात कुंपणावर चढवला तरी काम भागते. फळ देठ वाळेपर्यंत वेलावरच ठेवावे, मग सावलीत टांगावे. हलवल्यावर आत बिया खुळखुळू लागल्या म्हणजे ते तयार झाले. मग तोंड कापून रात्रभर पाण्यात भिजत घालावे म्हणजे आतला गर सुटतो, आणि चमच्याने खरवडून काढता येतो. घाईने हिरवा भोपळा कापणाऱ्याला आठवड्यात सुरकुतलेली टोपी मिळते, वाद्य मिळत नाही.

दांडीसाठी बांबू पक्का हवा. मानवेल जातीचा बांबू बराचसा भरीव असतो, तो उत्तम. कोवळ्या बांबूत पिठूळ अंश फार, त्यामुळे त्याला कीड लागते. म्हणून तोडल्यावर काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवण्याची जुनी रीत आहे. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू कायद्याच्या व्याख्येतून ‘झाड’ राहिलेला नाही. त्यामुळे बांधावरच्या बेटातून दोन काठ्या मागून घेण्यात कायद्याचीही अडचण नाही.

खरा घोळ लाकडाचा आहे, आणि तिथे थोडे थांबले पाहिजे. वाद्याला लाकूड महाग नव्हे, वाळलेले हवे. ओले लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत मात्र चांगलेच आटते. म्हणून वखारीतून ताजी फळी आणून तबली बसवली की पहिल्या उन्हाळ्यात तिला चीर पडते. सुतारांचा ठोकळ हिशेब असा, की एक इंच जाडीला एक वर्ष वाळवण. एवढी वाट कोण पाहणार? त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच वाट पाहिलेले लाकूड घेणे. पाडलेल्या घरांच्या चौकटी, फडताळांच्या फळ्या, मोडकी पलंगपट्टी : हे सारे पन्नास-पन्नास वर्षे वाळलेले असते आणि जळणाच्या भावात जाते. सागवान मिळाले तर वाईट नाही, सरोद सागवानाचेही करतात. कोकणात जुन्या घरांतून फणसाचे लाकूड निघते. तंजावरची वीणा फणसाचीच असते. मिरजेला सतारीसाठी तून वापरतात. फक्त जुन्या लाकडावर रंधा धरण्याआधी फुटक्या स्पीकरमधले लोहचुंबक फिरवावे. एक लपलेला खिळा रंध्याच्या पात्याचा निकाल लावतो.

तबलीला हलके लाकूड हवे. एमआयडीसीच्या आसपास भंगारवाल्यांकडे परदेशी मालाची पाइनची खोकी येतात. गिटारीच्या वरच्या पाट्या ज्या स्प्रूसच्या करतात, त्याच गोत्रातले हे लाकूड. त्यावर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेले, ते घ्यावे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला, ते सोडून द्यावे. गाठ नसलेला, रेषा सरळ व दाट असलेला तुकडा निवडून तीन-चार मिलिमीटरपर्यंत पातळ करावा. लाकूड वाळले की नाही हे ओळखायला किराणा दुकानाचा काटा पुरतो : दर आठवड्याला तोच तुकडा तोलावा, वजन उतरायचे थांबले की कापावा.

हत्यारांचा बाऊ आपण उगीच करतो. एक बारीक दात्यांची करवत, एक पटाशी, अर्धगोल कानस, गिरमिट, लहान रंधा आणि गुण्या. यात एकतारी होते. बाजारातली स्वस्त पटाशी मात्र घेऊ नये, तिची धार एका खाचेत जाते. फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमधून यंत्रकरवतीचे टाकून दिलेले पाते मागावे. ते हायस्पीड पोलादाचे असते आणि त्याची सुरी घासून छान होते. जुन्या कानशीपासूनही हत्यार होते, पण घासताना ती निळी पडली की पाणी उतरले असे समजावे. म्हणून वरचेवर पाण्यात बुडवावी. रंधा मारल्यावर उरलेले खडबडीतपण फुटक्या काचेच्या कडेने खरवडले तर पॉलिश पेपरही कमी लागतो. चिकटवताना शिकंजे हवेत असे पुस्तके सांगतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या की तेच काम होते, आणि भोपळ्याच्या गोलाईवर तर अधिक चांगले होते.

आणि एक विचारावेसे वाटते. या महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांच्या घरी आजोबांचा रंधा, वाकस, पटाशी माळ्यावर गंजत पडली असेल? आपण शिकलो म्हणजे ती हत्यारे हातून सुटली, याचा घरच्यांना आनंदच झाला, आणि तो खोटा नव्हे. पण त्या जुन्या पोलादाला तेल-दगड लावून पाहा. दुकानातल्या नव्यापेक्षा धार जास्त टिकेल. गावातला म्हातारा सुतार भेटला तर धार लावायचा कोन त्याच्याकडूनच शिकावा. ते काम लिहून सांगता येत नाही.

काटकसर कुठे करू नये तेही सांगतो. ब्रेकच्या वायरीचा एक पीळ सोडवून तार म्हणून लावणारे आहेत. पिळाची वळणे तारेत राहतात आणि स्वर फाटका निघतो. वाद्यांच्या दुकानात तंबोऱ्याची सुटी तार चहा-वड्याच्या पैशांत मिळते. खुंटीही मऊ लाकडाची करू नये. शिसवाचा तुकडा नसेल तर बाभूळ घ्यावी. नांगर-बैलगाडीला टिकणारे लाकूड अडीच किलोला का भिणार? खुंटी निमुळती करून भोकात फिरवून फिरवून बसवावी, घसरू लागली तर थोडा खडू चोळावा.

घोडीसाठी पूर्वी हरणाचे शिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झाले. आता हाड, कठीण लाकूड किंवा प्लास्टिक चालते. एकतारीला शिसवाची अंगठ्याएवढी घोडी पुरे. तिचा माथा टोकदार न ठेवता जरा सपाट, अगदी किंचित उतरता घासावा आणि तारेखाली सुताचा एक धागा घालून पुढे-मागे सरकवून पाहावा. एका जागी तार एकदम उघडते, भुंग्यासारखा गुंजारव येतो. तिथे धागा थांबवावा. पहिल्या दिवशी ती जागा सापडेलच असे नाही, आणि घोडी फार घासली गेली तर दुसरी करावी लागते. म्हणून शिसवाचा तुकडा मागतानाच दोन घोड्यांचा मागावा.