ताप गेला, घसा मात्र धरूनच

व्हायरल ताप तीन-चार दिवसांत उतरतो, भूकही लागू लागते, पण घसा काही सुटत नाही. आवंढा गिळताना टोचतं, रात्री कोरडी ढास लागते. मग घरोघरी सल्ले सुरू होतात. मामू म्हणतात, गेल्या वेळच्या गोळ्या उरल्यात त्या घे. शेजारच्या खाला जोशांद्याची पुडी पाठवतात. पुडीचं नंतर पाहू, आधी त्या गोळ्यांचं.

त्या बहुधा अँटिबायोटिक असतात आणि व्हायरसवर त्यांचा काडीचाही उपयोग नसतो. शिवाय ताप गेल्यावर उरलेली खवखव बरेचदा आजाराची नव्हे, आजाराने मागे ठेवलेल्या सुजेची असते. नाकातला शेंबूड मागून घशात उतरत राहतो. नाक चोंदल्यामुळे झोपेत तोंडाने श्वास घेतला जातो, घसा सुकतो, सुकला की खोकला येतो आणि खोकल्याने तो पुन्हा सोलवटतो. असा कोरडा खोकला 3 ते 8 आठवडेही रेंगाळतो. त्यात रात्री अकराला बिर्याणी खाऊन लगेच आडवं झालं, तर पोटातलं आम्ल वर येऊन आणखी भर घालतं.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चारदा गुळण्या कराव्यात. साधा उपाय, पण आराम पडतो. झोपताना चमचाभर मध घ्यावा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध बोटभरही चाटवू नये. आणि घशाला खरी विश्रांती हवी. वर्गात शिकवणाऱ्या बाई, अजान देणारे मुअज्जिनसाहेब यांना ती मिळणं कठीण, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी चार दिवस कुणी बदली मिळतो का ते पाहावं. कुजबुजत बोलल्यानेही आवाजावर ताणच येतो. त्यापेक्षा हळू, पण मोकळ्या आवाजात बोलावं. सारखं खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्यावं.

जोशांदा घोटभर घेतल्याने घसा शेकतो, बरं वाटतं. पण त्यात मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध असतं आणि ते जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो. बी.पी.ची गोळी चालू असलेल्या दादी-नानींना आठ-आठ दिवस तो पाजणं आम्हाला मुळीच पटत नाही.

आता थांबू नये असे प्रसंग. 5 ते 15 वर्षांच्या मुलाला सर्दी-खोकला नसताना एकाएकी घसादुखी आणि ताप आला, जबड्याखाली गाठी आल्या, तर ते बॅक्टेरियाचं दुखणं असू शकतं. तिथे अँटिबायोटिक खरोखर लागतं, तेही डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस. अर्धवट सोडलं तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडण्याची भीती असते. मामूंच्या उरलेल्या चार गोळ्या इथेही कामाच्या नाहीत.

श्वास घ्यायला त्रास, तोंड उघडेना, लाळही गिळवेना, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. एरवी दुखणं दहा दिवसांपुढे गेलं की दाखवावं. आवाज तीन आठवडे बसलेलाच असेल, मानेत गाठ लागत असेल, त्यातून माणूस तंबाखू खाणारा किंवा मिश्री लावणारा असेल, तर थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. ते बारीक दुर्बिणीने स्वरयंत्र पाहतात. काही मिनिटांचं काम असतं.