स्त्रीची देहप्रतिमा आणि महिला क्रीडापटूंच्या शरीररचनेतील विविधता : एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन क्रीडासंघांची निवड करताना शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांना एक अनुभव वारंवार येतो. शालेय स्तरावर गोळाफेक, कबड्डी किंवा कुस्ती या खेळांत चमक दाखविलेली एखादी विद्यार्थिनी प्रथम वर्षास प्रवेश घेते आणि हळूहळू मैदानावर येणे थांबविते. कारण विचारले असता अभ्यासाचा ताण, घरचा विरोध, प्रवासाची अडचण अशी उत्तरे मिळतात. ही उत्तरे खोटी नसतात. मात्र त्यांच्या मागे आणखी एक कारण पुष्कळदा दडलेले असते. 'उन्हात काळी पडशील', 'दंड मुलांसारखे होतील', 'लग्नाच्या वेळी अडचण येईल' ही वाक्ये तिने घरात, शेजारीपाजारी आणि प्रसंगी महाविद्यालयाच्या आवारातही ऐकलेली असतात. ज्या समाजात वधू-वर विषयक जाहिरातींतून 'गोरी, सडपातळ, सुस्वरूप' ही विशेषणे पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली, त्या समाजात ही वाक्ये केवळ थट्टा म्हणून उरत नाहीत. ती मुलीच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीचा निवाडा बनतात.

प्रस्तुत लेखात स्त्रीची देहप्रतिमा व महिला क्रीडापटूंच्या शरीररचनेतील विविधता यांच्या परस्परसंबंधाचे विवेचन केले आहे. सक्षम स्त्रीदेहाचा एकच एक नमुना नसतो, हे क्रीडाक्षेत्र जितक्या स्पष्टपणे दाखवून देते तितके अन्य कोणतेही क्षेत्र क्वचितच दाखवीत असेल. तथापि क्रीडाक्षेत्राचेही स्वतःचे साचे असतात. त्यामुळे विविधतेचा हा धडा विद्यार्थिनींपर्यंत आपोआप पोहोचत नाही. तो पोहोचविण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांना जाणीवपूर्वक स्वीकारावी लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

देहप्रतिमा : संकल्पना

आपल्या शरीराचे जे चित्र आपण मनात बाळगतो, त्यास देहप्रतिमा असे म्हणतात. पॉल शिल्डर या मनोविकारतज्ज्ञाने १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही संकल्पना विस्ताराने मांडली. देहप्रतिमा ही केवळ इंद्रियजन्य जाणीव नसून तिच्या घडणीत इतरांच्या दृष्टीचाही वाटा असतो, हा त्याच्या मांडणीतील महत्त्वाचा भाग होय. आरशात दिसणारे शरीर आणि मनातील शरीर एकच असेल असे नाही.

लिऑन फेस्टिंजर याने १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. वस्तुनिष्ठ मापदंड उपलब्ध नसेल तेव्हा माणूस इतरांशी तुलना करून स्वतःचे मूल्यमापन करतो, असे हा सिद्धांत सांगतो. पूर्वी ही तुलना मैत्रिणी, बहिणी व चित्रपटतारका यांच्यापुरती मर्यादित होती; आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ती दिवसभर चालू राहते. पुढे १९९७ मध्ये बार्बरा फ्रेड्रिकसन व टोमी-ॲन रॉबर्ट्स यांनी वस्तुकरणाचा सिद्धांत मांडला. सतत पाहिली जाणारी स्त्री अखेरीस स्वतःही आपल्या शरीराकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहू लागते, हा या सिद्धांताचा गाभा आहे. शरीर हे आपले साधन आहे ही जाणीव त्यामुळे क्षीण होते व ते इतरांनी पाहावयाचे दृश्य आहे ही जाणीव बळावते.

या दृष्टीने खेळाचे महत्त्व विशेष आहे. धावताना, उडी मारताना, प्रतिस्पर्ध्यास रोखताना शरीर हे प्रामुख्याने कृतीचे साधन असते. मैदान सोडणारी विद्यार्थिनी केवळ एक खेळ सोडत नाही, तर स्वतःच्या शरीराकडे आतून पाहण्याची एक संधीही गमावते.

शरीरप्रकारांचे वर्गीकरण व त्याच्या मर्यादा

शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात शरीरप्रकारांचे वर्गीकरण शिकविले जाते. विल्यम शेल्डन या अमेरिकन अभ्यासकाने १९४० मध्ये मेदप्रधान, स्नायुप्रधान व कृश अशा तीन घटकांवर आधारित पद्धती मांडली. ती छायाचित्रांवर आधारलेली होती व तिचा भर मुख्यतः पुरुषदेहांवर होता. शरीरप्रकार जन्मभर कायम राहतो व त्यावरून स्वभावही ओळखता येतो, ही शेल्डनची गृहीतके पुढे टिकली नाहीत.

बार्बरा हीथ व लिंडसे कार्टर यांनी १९६७ मध्ये या पद्धतीत मूलगामी सुधारणा केली. त्वचेच्या घड्यांची जाडी, कोपर व गुडघ्याजवळील हाडांची रुंदी, दंड व पोटरीचा घेर, उंची आणि वजन या प्रत्यक्ष मोजमापांवरून त्यांनी तिन्ही घटकांना स्वतंत्र गुणांक दिले. या पद्धतीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कोणतीही व्यक्ती केवळ 'जाड' किंवा केवळ 'बारीक' नसते. प्रत्येक शरीरात तिन्ही घटक कमी-अधिक प्रमाणात असतात. दुसरी, आहार, वय व प्रशिक्षण यांमुळे हे प्रमाण बदलू शकते. म्हणजेच शरीरप्रकार ही मोजमापाची नोंद आहे. ती व्यक्तीच्या योग्यतेचा दाखला नव्हे.

शरीरवस्तुमान निर्देशांक अर्थात बीएमआय या सर्वपरिचित मापाबाबतही हाच विवेक आवश्यक आहे. वजनास उंचीच्या वर्गाने भागून येणारे हे माप लोकसमूहाच्या आरोग्याचा अंदाज घेण्यास उपयुक्त आहे. मात्र स्नायू व मेद यांतील फरक त्यास कळत नाही. १६० सेंमी उंची व ७० किलो वजन असलेल्या दोन विद्यार्थिनींचा निर्देशांक सुमारे २७.३ असाच येईल. त्यांपैकी एक नियमित सराव करणारी थाळीफेकपटू असेल व दुसरी व्यायामापासून दूर असेल, तरीही कोष्टकात दोघींची जागा एकच राहील.

भारतीय महिला क्रीडापटू : विविधतेचे दर्शन

भारतीय महिला खेळाडूंची कामगिरी या दृष्टीने पाहिल्यास सक्षम देहाची किती भिन्न रूपे असू शकतात याची कल्पना येते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या भारोत्तोलनाचा प्रथमच समावेश झाला. त्या स्पर्धेत कर्णम मल्लेश्वरी हिने ६९ किलो वजनगटात एकूण २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. भारतीय स्त्रीचे पहिले ऑलिंपिक पदक सडपातळपणाच्या रूढ कल्पनेत न बसणाऱ्या भक्कम देहाने मिळविले, ही बाब आवर्जून लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच क्रीडाप्रकारात मीराबाई चानू हिने टोकियो येथे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक पटकाविले. हे वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या चौपटीहून अधिक होते. लहान चण म्हणजे दुर्बलता नव्हे, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत चित्र वेगळे दिसते. नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर हिने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. १९८४ मध्ये पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला होय. या धावपटूंचा काटक देह त्यांच्या शर्यतीस अनुरूप आहे. मात्र तोच देह नेमबाजीत किंवा गोळाफेकीत आदर्श ठरणार नाही. २०१० मध्ये ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेती ठरलेल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिच्या यशामागे वेगापेक्षा स्थैर्य, श्वासावरील ताबा व एकाग्रता यांचे महत्त्व अधिक होते.

'अमुक खेळास अमुकच शरीर हवे' हे विधानही पूर्ण सत्य नाही. २०१७ च्या जागतिक बॅडमिंटन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सुमारे १७९ सेंमी उंचीच्या पी. व्ही. सिंधूसमोर तिच्याहून वीस सेंमीपेक्षाही अधिक ठेंगणी अशी जपानची नोझोमी ओकुहारा होती. ११० मिनिटे चाललेला तो सामना ओकुहाराने २१-१९, २०-२२, २२-२० असा जिंकला. २०१९ च्या अंतिम सामन्यात मात्र सिंधूने तिला २१-७, २१-७ असे सहज नमविले. एकीच्या हाती लांब पल्ला होता, दुसरीच्या पायांत चपळाई होती. उंचीने निकाल ठरविला नाही. प्रत्येकीने आपल्या देहाशी सुसंगत असा खेळ घडविला. बालपणी सपाट तळव्यांमुळे जिम्नॅस्टिक्ससाठी प्रतिकूल मानली गेलेली दीपा कर्माकर २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट प्रकारात चौथी आली, हेही येथे नमूद करावे लागेल.

क्रीडाक्षेत्राचे स्वतःचे साचे

वरील उदाहरणांवरून क्रीडाक्षेत्र हे स्त्रीदेहाच्या मुक्तीचे क्षेत्र आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत झाली. धावपटू थकून कोसळल्याच्या अतिरंजित वृत्तांतांनंतर ती वगळण्यात आली व थेट १९६० मध्ये परत आली. स्त्रीदेहास काय झेपेल हे बराच काळ इतरांनीच ठरविले.

वजनगटांची व्यवस्था स्पर्धा न्याय्य व्हावी यासाठी असली तरी तिचाही ताण शरीरावर पडतो. २०१२ मध्ये ऑलिंपिकमध्ये महिलांची मुष्टियुद्ध स्पर्धा प्रथमच झाली तेव्हा केवळ तीन वजनगट होते. त्यामुळे त्याहून हलक्या गटांत विश्वविजेतीपदे मिळविलेल्या मेरी कोम हिला ५१ किलो गटात, आपल्याहून थोराड प्रतिस्पर्ध्यांशी लढावे लागले. विनेश फोगाट हिची अडचण याच्या उलट होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या दिवशी तिचे वजन १०० ग्रॅमने अधिक भरले व ती अपात्र ठरली. आदल्या रात्रभर वजन उतरविण्यासाठी झालेल्या खटाटोपात तिचे केसही कापण्यात आले होते.

गणवेशाचा प्रश्नही याच मालिकेतील आहे. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघास बिकिनीऐवजी आखूड विजार परिधान केल्याबद्दल १५०० युरोंचा दंड झाला; टीकेनंतर त्याच वर्षी नियम बदलण्यात आला. स्त्रीत्वाच्या चाचण्यांनी तर काही खेळाडूंचे आयुष्यच ढवळून काढले. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळविणाऱ्या शांती सौंदराजन हिचे पदक अशा चाचणीनंतर काढून घेण्यात आले. २०१४ मध्ये द्युती चंद हिला संप्रेरकांच्या निकषावरून संघातून वगळण्यात आले. तिने दाद मागितल्यावर २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. या नियमांचा वैज्ञानिक व न्यायिक ऊहापोह हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तथापि एका तरुण मुलीच्या देहाची चर्चा जाहीरपणे होते तेव्हा तिच्यावर काय ओढवते, याकडे शिक्षकांना दुर्लक्ष करता येणार नाही.

विद्यार्थिनींचे आरोग्य

देहप्रतिमेचा प्रश्न केवळ मनाचा नाही. अपुरा आहार, मासिक पाळी बंद होणे व हाडे ठिसूळ होणे या तीन बाबी खेळाडू मुलींमध्ये एकत्र आढळतात, याकडे १९९२ पासून क्रीडावैद्यकाने लक्ष वेधले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ही कल्पना विस्तारून खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनतेची संकल्पना मांडली. सरावाच्या मानाने आहार कमी पडला की शरीर प्रजनन, अस्थिनिर्मिती व रोगप्रतिकार या कार्यांत काटकसर करू लागते. 'वजन कमी केलेस तर वेग वाढेल' हा मार्गदर्शकाचा सहज दिलेला सल्ला या वाटेवरचे पहिले पाऊल ठरू शकतो. पाळी थांबणे हे कठोर सरावाचे लक्षण म्हणून स्वीकारण्याजोगे नाही. तो वैद्यकीय सल्ला घेण्याचा इशारा आहे.

महाविद्यालयीन वय हा अस्थिसंचयाचा काळ असतो. साधारणतः तिशीपर्यंत हाडांची जी बळकटी कमावली जाते, तिच्यावरच उत्तरायुष्य निभावते. भारव्यायामाने या बळकटीस मदत होते. 'वजने उचलल्याने मुली पुरुषी दिसतात' या भीतीस शास्त्रीय उत्तर असे की, स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण सरासरीने बरेच कमी असल्याने त्यांचे स्नायू पुरुषांइतके सहसा वाढत नाहीत. परंतु हे उत्तर अपुरे आहे. स्नायू दिसले तरी त्यात उणेपणा नाही, हे सांगितल्याखेरीज उत्तर पूर्ण होत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी महाविद्यालयांच्या स्तरावर सहज करता येण्याजोग्या आहेत. वैद्यकीय तपासणीत वजनाची नोंद रांगेत मोठ्याने न उच्चारता खासगीत व्हावी. क्रीडागणवेश निरनिराळ्या मापांत व विद्यार्थिनींच्या पसंतीने उपलब्ध असावेत. व्यायामशाळेत मुलींसाठी राखून ठेवलेली वेळ कागदावर न राहता प्रत्यक्षात पाळली जावी. भित्तिपत्रकांवर केवळ धावपटूची सडपातळ आकृती न लावता भारोत्तोलक, गोळाफेकपटू व कबड्डीपटू यांनाही स्थान द्यावे. सरावाची नोंद ठेवताना वजनाऐवजी वेळ, अंतर, पुनरावृत्ती व विश्रांती यांना प्राधान्य मिळावे.

यांपैकी कशासाठीही मोठ्या निधीची गरज नाही. गरज आहे ती बोलताना शब्द जपून वापरण्याची. वर्गात, स्नेहसंमेलनात किंवा मैदानाच्या कडेला विद्यार्थिनीच्या देहावर केलेली सहज टिप्पणी प्राध्यापक दुसऱ्या दिवशी विसरतो. ती विद्यार्थिनी मात्र ती वर्षानुवर्षे विसरत नाही. प्रथम वर्षात मैदान सोडून जाणाऱ्या मुलीस परत आणावयाचे असेल, तर तिचे शरीर कसे दिसते हा प्रश्न आपल्या बोलण्यातून आधी काढून टाकावा लागेल आणि त्या जागी ते काय करू शकते व ते निरोगी आहे काय, हे दोनच प्रश्न ठेवावे लागतील.