पडद्यामागचा चिवट थर

लेव्हेनहुकने १६८३ साली दातांवरील किटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. व्हिनेगरने वरवरचेच जंतू मेले, आतले तगले, हेही त्यानेच नोंदविले. बायोफिल्मचे मर्म तेच. पृष्ठभागाला चिकटलेले जंतू शर्करा, प्रथिने व डीएनए यांचे बुळबुळीत आवरण विणतात. आत प्राणवायू व अन्न तुटपुंजे. वाढ मंदावते, आणि वाढत्या पेशींवरच घाव घालणारे पेनिसिलिन तेथे बोथट ठरते. काही पेशी तर निद्रिस्तच असतात. औषध थांबले की जागतात.

आम्हां बालरोगतज्ज्ञांना हे कोडे मध्यकर्णात भेटते. पडद्यामागे द्राव साचलेला, कल्चरमध्ये काही उगवत नाही, आणि मूल मात्र वर्गात ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खाते. २००६ साली अमेरिकेत असा द्राव असलेल्या वा वारंवार कानदाह होणाऱ्या मुलांच्या मध्यकर्णातील श्लेष्मल त्वचेचे ५० नमुने तपासले गेले. ४६ मध्ये बायोफिल्म आढळली.

पालकांच्या (कधी आपल्याच) समाधानासाठी प्रतिजैविकाची आणखी एक बाटली लिहून देणे म्हणूनच मला पटत नाही. ताप, ठणका नसेल तर तीन महिने वाट पाहावी. बोलणे मागे असेल तर तेवढेही थांबू नये. मग श्रवणचाचणी, आणि गरज भासल्यास ग्रोमेट. तोवर मुलाला पहिल्या बाकावर बसवावे, अशी चिठ्ठी शाळेला अवश्य द्यावी.