चटईच्या भिंती आणि पेलाभर दूध

घर बांधायला सुरुवात कुठून करतात? आपण म्हणू, पायापासून. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाची राजधानी लीमा. तिथल्या हजारो बायकांनी मात्र ती चार बांबू आणि चार चटयांपासून केली. आधी वाळूत चटईच्या भिंती, मग जमतील तशा विटा, आणि कितीतरी वर्षांनी नळ!

मैत्रिणींनो, दक्षिण अमेरिकेत आज दर दहा माणसांतली आठ माणसं शहरात राहतात. ब्राझीलमधल्या साओ पावलो महानगरात तर दोन कोटींहून जास्त वस्ती आहे. लीमाचंच बघा ना. १९४० साली तिथे साडेसहा लाखांच्या आसपास लोक होते, आज जवळजवळ एक कोटी आहेत. म्हणजे पेरूमधला दर तिसरा-चौथा माणूस राजधानीत! डोंगरातली शेती पोट भरेना, म्हणून माणसं खाली उतरली. पुढे १९८० नंतर तिथे बंदुका बोलू लागल्या, तेव्हा तर जीव वाचवायला आली. पण लीमा वसलंय वाळवंटात. वर्षभराचा पाऊस एक इंचसुद्धा भरत नाही.

१९७१ च्या एप्रिल-मेमधली गोष्ट. बेघर कुटुंबांनी शहराजवळची रिकामी जागा धरली. पोलिसांशी झटापट झाली, एक माणूस ठार झाला. शेवटी सरकारने या लोकांना शहराच्या दक्षिणेला नुसत्या वाळूत नेऊन सोडलं. पाणी नाही, वीज नाही, सावलीला झाड नाही. पाणी टँकरने यायचं आणि दारातल्या पिंपात साठवायचं. पिंप कसं पुरवायचं हे अर्थातच घरातल्या बाईनं बघायचं!

या वस्तीचं नाव व्हिया एल साल्वादोर. लोकांनी ती मोठी आखीव बसवली. चोवीस घरांची एक चाळवजा रांग, अशा सोळा रांगांचा एक गट आणि प्रत्येक गटाच्या मधोमध मोकळं मैदान. रांगेतल्या लोकांनी आपले प्रतिनिधी निवडायचे, मैदानात सभा घ्यायची.

महागाईने कंबरडं मोडलं तेव्हा लीमाच्या वस्त्यावस्त्यांतल्या बायकांनी चुली एकत्र केल्या. सामान घाऊक आणायचं, पाळीपाळीनं रांधायचं आणि स्वस्तात डबे न्यायचे. १९८४ मध्ये शहराच्या महापौरांनी मुलांना रोज पेलाभर दूध देण्याची योजना काढली. ते दूध उकळायला आणि वाटायला पहाटे उठायच्या त्या गल्लीतल्या आयाच.

व्हियामधल्या बायकांच्या संघटनेची अध्यक्ष होती मारिया एलेना मोयानो. ती लहानपणीच या वाळूत राहायला आली होती. पुढे ती वस्तीची उपमहापौर झाली. त्या काळात शायनिंग पाथ या सशस्त्र गटाची दहशत होती. बायकांनी आपलं ऐकावं, असा त्यांचा हट्ट. १९९१ मध्ये संघटनेच्या धान्याच्या गोदामात स्फोट झाला. गटाने मारियावरच नाही नाही ते आरोप केले. तिने त्यांना जाहीर उत्तर दिलं. १४ फेब्रुवारी १९९२ ला गटाने बंद पुकारला, तर ही पांढरे झेंडे घेऊन मोर्चाला निघाली. दुसऱ्याच दिवशी वस्तीतल्या एका कार्यक्रमात, तिच्या मुलांसमोर, तिला गोळ्या घातल्या. वय अवघं तेहतीस.

चुली मात्र विझल्या नाहीत. २०२० च्या करोना टाळेबंदीत हातावर पोट असलेल्यांचे हाल झाले, तेव्हा लीमाच्या टेकड्यांवर पुन्हा सामाईक पातेली चढली. तिथल्या नव्या वस्त्यांत आजही पाणी टँकरनेच येतं, आणि नळवाल्यांपेक्षा कितीतरी महाग पडतं.

व्हियामध्ये आज सुमारे चार लाख लोक राहतात. चटया गेल्या, विटांची घरं आली, मेट्रोही आली. गच्चीवर लोखंडी सळया तशाच उभ्या ठेवलेल्या दिसतात, लेकाचं लग्न झालं की वरचा मजला चढवायला.

शहर वाढलं, असं आपण सहज म्हणून जातो. पण ते वाढताना त्याच्या पोटाला कुणी घातलं, हे जनगणनेच्या रकान्यात कुठे असतं? लीमापुरतं तरी त्याचं उत्तर पहाटे दूध उकळणाऱ्या त्या बायकांना विचारावं.