नवशिक्षक आणि आत्मविश्वास

नव्याने नेमणूक झालेला शिक्षक प्रथमच वर्गात पाऊल टाकतो, तेव्हा त्याच्या हाती पदविका असते. मनात मात्र धाकधूक असते. पाठ्यपुस्तक ओळखीचे, परंतु मुलांची बोली, हजेरीपत्रक, पोषण आहाराची नोंदवही आणि गावकऱ्यांची नजर हे सारे नवे. महाराष्ट्रात सन २००० मध्ये सुरू झालेल्या योजनेनुसार पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. याच काळात शिक्षक घडतो. आणि याच काळात तो बुजला, तर त्याची झळ मुलांना पोहोचते.

आत्मविश्वास उपजतच असावा लागतो, हा समज खरा नव्हे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली त्याचे चार उगम सांगितले: स्वतः तडीस नेलेले काम, आपल्यासारख्याच दुसऱ्याने केलेल्या कामाचे निरीक्षण, जाणत्याने दिलेला धीर आणि शरीरमनाची स्वस्थता. यांत पहिला उगम सर्वांत बलवान होय. म्हणजे आत्मविश्वास कामाच्या आधी येत नाही; तो कामातून येतो.

याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. हिवरा आश्रम येथे शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीला पुरी व वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद होतो. लाखावर माणसे पंक्तीत बसतात. ट्रॅक्टरांतून अन्न आणून वाढले जाते. एवढ्या जनसमुदायाचा विचार केला तर कोणाचाही धीर सुटेल. परंतु प्रत्येक स्वयंसेवकाने सांभाळावयाचा असतो तो आपल्या वाट्याचा भाग.

नवशिक्षकानेही प्रथम आपला वाटा ठरवावा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचे नाव पाठ करावे. दुसऱ्यात कोण किती वाचतो, हे पाहावे. मग एक पाठ नीट तयार करून शिकवावा. जवळच्या अनुभवी शिक्षकाच्या वर्गात मागे बसून त्याची रीत पाहावी. अडले ते शिक्षण परिषदेत विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. न समजता रेटून नेण्यात मात्र मुलांची हानी आहे.

मुख्याध्यापकांनीही सर्व नोंदवह्या पहिल्याच दिवशी नवागताच्या स्वाधीन करू नयेत. काम टप्प्याटप्प्याने सोपवावे, चूक एकांतात दाखवावी आणि जे साधले त्याचा नेमका उल्लेख करावा. नवशिक्षकाला मिळालेला हा आधार अखेर मुलांपर्यंतच पोहोचतो.