गाडी थांबवतो तो टायर

भिलाईच्या सेक्टर 10 मधल्या सपाट, रुंद रस्त्यांवर जुनी सेडान अजून सुखाने चालते. एस्टीम, पहिल्या पिढीची होंडा सिटी, अ‍ॅक्सेंट, आयकॉन, लान्सर या 1990 च्या दशकात बाजारात आलेल्या गाड्या ज्यांनी जपून ठेवल्या, त्यांचा आपल्या गाडीवर जीव असतो, आणि अशा मालकाला कधी ना कधी एक मोह होतो. पुढच्या चाकांत मोठ्या डिस्क आणि जास्त पिस्टनचे कॅलिपर बसवून घ्यावेत, असं त्याला वाटू लागतं. गाडी जुनी आहे, रस्ते मात्र रुंद आणि वेगवान झालेत, मग ब्रेकही वाढवायला हवेत, हा त्यामागचा विचार. इंजिनाची ताकद वाढवण्याआधी ब्रेककडे पाहणारा माणूस जबाबदारच म्हटला पाहिजे. तरीही माझं ठाम मत आहे की बहुतेक जुन्या सेडानना मोठ्या ब्रेकची गरज नसते. कारखान्यातून निघताना जे ब्रेक त्यांना मिळाले होते, ते पूर्ण ताकदीने परत मिळाले तर काम भागतं. मोठी डिस्क हा त्यानंतरचा प्रश्न आहे, आणि तो सोडवायचा तर अर्धामुर्धा सोडवून चालत नाही.

पेडल दाबलं की कॅलिपरमधले पॅड डिस्कला आवळतात आणि डिस्क चाकाला अडवते. पण रस्त्याला धरून गाडी थांबवतो तो टायर. चार टायर मिळून तळहाताएवढ्या चार ठिकाणी डांबराला टेकलेले असतात, आणि तिथे जेवढी पकड आहे त्याहून जास्त जोर कुठलाच ब्रेक रस्त्यावर उतरवू शकत नाही. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक 0.8 धरला, तर ताशी 80 किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण 32 मीटरांत थांबते आणि ताशी 100 च्या वेगाला सुमारे 50 मीटर लागतात. पावसात गुणांक 0.5 वर आला की 80 च्या वेगालाही तेच 50 मीटर लागतात. या हिशेबात डिस्कचा व्यास कुठेच येत नाही. मूळचे ब्रेक जर कोरड्या रस्त्यावर चाक जागच्या जागी जाम करू शकत असतील, किंवा चाक जाम होऊ न देणारं एबीएस असलेल्या गाडीत ते जागं करू शकत असतील, तर ब्रेकचा जोर टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. डिस्क वाढवून तीच मर्यादा थोड्या हलक्या पायाने गाठता येईल, एवढंच. म्हणून थांबण्याचं अंतर खरोखर कमी करायचं असेल तर पहिला पैसा टायरवर जायला हवा. जुन्या, कमी चालणाऱ्या गाडीत टायरची नक्षी खोल दिसते, पण रबर वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून कडक झालेलं असतं. टायरच्या कडेवर चार आकड्यांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. नक्षीइतकंच ते वर्षही पाहायला हवं.

मग मोठ्या डिस्कने मिळतं काय? उष्णता सोसण्याची ताकद. ब्रेक गाडीच्या गतीचं रूपांतर उष्णतेत करतात, आणि ती उष्णता आधी डिस्कच्या लोखंडात साठते, मग हवेत जाते. मोठं पातेलं जसं उशिरा तापतं, तशीच जड डिस्कही. माणसांसह 1200 किलो वजनाची सेडान ताशी 100 च्या वेगात असली तर तिच्यात सुमारे 4 लाख 60 हजार जूल ऊर्जा असते. त्यातली 70 टक्के पुढच्या ब्रेकवर आली आणि पुढच्या दोन डिस्कचं वजन मिळून 8 किलो धरलं, तर एकदा पूर्ण थांबल्यावर डिस्कचं तापमान साधारण 90 अंशांनी वाढतं. सामान्य पॅडची पकड 300 अंशांच्या पुढे कुठेतरी ढासळायला लागते, म्हणजे एका थांबण्यात काहीही बिघडत नाही. इथला उन्हाळा भाजून काढतो म्हणून मोठे ब्रेक हवेत, असं कुणी म्हणेल. पण मे महिन्यातले 45 अंश आणि हिवाळ्यातल्या दुपारचे 25 अंश यांत फरक 20 अंशांचा, आणि शेकड्यांच्या हिशेबात तो किरकोळ आहे. खरी परीक्षा घाटात होते. 300 मीटर उंचीवरून उतरताना हीच गाडी 35 लाख जूल ऊर्जा सोडते, म्हणजे शंभरच्या वेगातून सात-आठ वेळा पूर्ण थांबण्याइतकी, आणि मध्ये डिस्कला निवायला उसंत नसते. त्यातली काही हवा आणि टायर खातात, काही इंजिन खाऊ शकतं, पण ते चालकाने खालचा गिअर टाकला तरच. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याचं सगळं ओझं पॅडवर पडतं.

भिलाईकरांना असा घाट मिळतो कुठे? शहर मैदानी आहे. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत नागपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 चा टप्पा सुमारे अडीचशे किलोमीटरचा, आणि ब्रेक तापावेत असा लांब उतार त्यावर नाही. तिथे धोका आहे तो अचानक आडव्या येणाऱ्या जनावराचा, दिवे नसलेल्या ट्रॉलीचा, दुभाजकातून वळणाऱ्या दुचाकीचा. म्हणजे एकदाच, पण जोरात थांबण्याचा. हा प्रसंग टायरचा, पेडलच्या पक्केपणाचा आणि चालकाच्या नजरेचा आहे, डिस्कच्या वजनाचा नाही. 80 च्या वेगात पाय ब्रेकवर जायला एक सेकंद गेला तरी गाडी 22 मीटर पुढे गेलेली असते. जगदलपूरकडे जाताना केशकालचा घाट लागतो आणि कवर्ध्याहून जबलपूरकडे निघालं की चिल्फीचा. कुटुंब आणि सामान भरून तिथून वारंवार जाणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याची गरज मी नाकारत नाही.

मात्र त्यानेही सुरुवात जुन्या ब्रेकपासूनच करावी, कारण ‘ब्रेक कमी पडतात’ ही तक्रार वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत बहुतेकदा झिजेची असते. सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू कोसळतो. डॉट 3 दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो, 3.7 टक्के पाणी शिरल्यावरच्या चाचणीत तोच 140 अंश चालतो. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. घाटात कॅलिपर तापला, आतलं ऑइल उकळलं आणि वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल तळाला जातं आणि ब्रेक लागत नाही, कारण ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून एअर काढून घेणं हा सगळ्यांत स्वस्त ‘अपग्रेड’ आहे, आणि त्यावर बोलायला कुणाला उत्साह नसतो, याचं मला वाईट वाटतं. तीच गत रबरी होज पाइपांची. जुना पाइप दाबाखाली फुगतो आणि पायाचा थोडा जोर त्या फुगण्यातच खर्च होतो. कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या की दोनांपैकी एकच पॅड काम करतो आणि तिरका झिजतो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून चकचकीत केली तरी ती पातळच, म्हणजे लवकर तापणारी. आणि मागचे ड्रम तर उघडूनही पाहिले जात नाहीत. आतला अ‍ॅडजस्टर जाम असतो, व्हील सिलिंडर पाझरत असतो, लायनर तेलकट झालेले असतात, आणि सगळा भार पुढच्या चाकांवर येऊन मालकाला पुढच्या डिस्क लहान वाटू लागतात.

हे सगळं दुरुस्त करूनही डिस्क वाढवायचीच असेल, तर ब्रेक ही एक जुळवलेली व्यवस्था आहे हे लक्षात ठेवायला हवं. मूळच्या कॅलिपरमध्ये 48 मिलिमीटरचा पिस्टन आहे आणि नव्यात 54 चा, असं समजा. क्षेत्रफळ 26-27 टक्क्यांनी वाढलं, म्हणून जोरही तेवढा वाढला. पण तो पिस्टन ढकलायला ऑइलही तेवढंच जास्त लागतं, आणि पेडलमागून ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच राहिला तर पेडल खोल जातं, मऊ लागतं. मास्टर सिलिंडर मोठा घातला की पायाला जोर जास्त लावावा लागतो, म्हणजे कमावलेलं काही प्रमाणात परत जातं. त्याहून गंभीर गोष्ट पुढच्या-मागच्या वाटणीची. कंपनीने ही वाटणी अशी ठेवलेली असते की पुढची चाकं मागच्यांच्या किंचित आधी जाम व्हावीत आणि गाडी सरळ राहावी. पुढचा जोर बराच वाढवला की पुढची चाकं फार लवकर जाम होतात आणि मागच्या टायरांची पकड वापरलीच जात नाही. एबीएस नसलेली गाडी पुढची चाकं जाम झाल्यावर वळतही नाही. भारतात सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल 2019 पासून, त्यामुळे आपण बोलतोय त्या बहुतेक गाड्यांत ते नाही. महागडा ब्रेक घेऊन ओल्या रस्त्यावर पूर्वीपेक्षा जास्त अंतर लागलं, असं खरोखर घडू शकतं. शिवाय 13 इंची रीममध्ये मोठी डिस्क मावत नाही. मग रीम मोठी, टायर वेगळा, चाकाचं वजन जास्त, आणि टायरचा एकूण व्यास बदलला तर स्पीडोमीटरही चुकीचा.

कंपन्यांनी पैसे वाचवण्यासाठी मुळातच लहान ब्रेक दिले, हा आक्षेप हमखास येतो. त्यात तथ्य आहे. हलक्या इंजिनाच्या मॉडेलला साधी डिस्क आणि थोरल्या मॉडेलला हवा खेळणारी व्हेंटिलेटेड डिस्क, अशी काटकसर होत आली आहे. पण यातच सगळ्यांत शहाणा मार्ग दडलेला आहे. त्याच घराण्यातल्या जास्त ताकदीच्या गाडीची डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर हा पूर्ण संच बसत असेल, तर त्याची जुळवणी अभियंत्यांनी आधीच केलेली असते. बाजारातला रंगीत कॅलिपर तसा भरवसा देत नाही. इंजिन बदललेलं किंवा ताकद वाढवलेलं असेल, तर हा बदल मी आवश्यकच मानेन. पेडलला चांगला ‘बाइट’ हवा, म्हणजे पाय ठेवताच पकड जाणवावी, ही दुसऱ्यांची मागणी. ती बऱ्याचदा चांगल्या प्रतीचे पॅड आणि नवे होज पाइप यांनीच भागते.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाचं मूळ विनिर्देशन यांत तफावत पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. प्रमाणपत्रात डिस्कच्या व्यासाचा रकाना नसतो, म्हणून कुणी विचारणार नाही असं समजून पुढे जाणं मला पटत नाही. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात न कळवलेला बदल वादाचं कारण होऊ शकतो. पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. ती तारीख जवळ आली की चारही चाकं काढून ब्रेक तपासावेत, ऑइल बदलावं, मागचे ड्रम उघडून अ‍ॅडजस्टर मोकळे करावेत. नवे पॅड टाकले तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर ते हळूहळू बसू द्यावेत. मग मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही हे पाहून, ताशी 40 च्या वेगातून पूर्ण जोराने ब्रेक दाबावा. चारही चाकं आपापल्या वेळी पकडत असतील आणि गाडी सरळ थांबत असेल, तर डिस्कचे पैसे टायरला लावावेत.