लघवी लाल झाली आणि दुखले नाही तर



आमच्या ह्यांना एकदा लघवी लाल झाली. आदल्या रात्री बीटची कोशिंबीर खाल्ली होती, तेव्हा त्यांनी दोष बीटला दिला. दुखले काहीच नाही. दोन दिवसांत रंग नेहमीसारखा झाला. मला सांगितले पाच महिन्यांनी, पुन्हा लाल झाली तेव्हा. त्या दिवशी घरात बीट नव्हते. सारा जन्म वॉर्डात काढलेल्या बायकोलाही माणूस हे सांगायला लाजतो, मग डॉक्टरला काय सांगणार!

मुतखड्याची कळ कमरेतून जांघेत येते, माणूस आपणहून दवाखाना गाठतो. न दुखता येणारे रक्त मात्र थांबते आणि आपण निर्धास्त होतो. मूत्राशयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या गाठीतून असेच मधून मधून रक्त येते. सिगारेट ओढणाऱ्यांना, पूर्वी ओढलेल्यांनाही, धोका जास्त. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्या तरी 'गोळीमुळेच असेल' म्हणून सोडू नका.

डॉक्टरांनी ह्यांना सी.टी. सांगितला. खड्यासाठी साधा सी.टी. पुरतो, सुई लागत नाही, आणि साध्या एक्स-रेत न दिसणारा युरिक ॲसिडचा खडाही त्यात दिसतो. रक्ताचे कारण शोधताना मात्र शिरेतून औषध देतात आणि ते मूत्राशयात उतरेपर्यंत थांबून पुन्हा फोटो घेतात. औषध जाताना अंगात ऊब पसरते, कपड्यांतच लघवी झाली असे वाटते. हे तर शरमेने उठायलाच निघाले होते! झालेली नसते, पडून राहा.

त्याआधी रक्तातले क्रिएटिनिन तपासतात, कारण हे औषध मूत्रपिंडांतून बाहेर पडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल, पूर्वी अशा औषधाने अंगावर पित्त उठले असेल, तर न विचारता सांगा. गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. टोफेस १७ लागतो का, हे कुपत खोलीममध्ये आधीच विचारा.

ह्यांची मूत्रपिंडे स्वच्छ निघाली, गाठ मूत्राशयात होती. लहान गाठ सी.टी.त सुटू शकते, म्हणून सी.टी. चांगला आला तरी दुर्बिणीची तपासणी टाळू नये. ह्यांची गाठ दुर्बिणीतूनच काढली. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. तारीख मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवते.